गाडी म्हातारी झाली... पुढे काय?

वीस वर्षं, चार लाख शहाऐंशी हजार किलोमीटर आणि एक हट्टी मालक! तुमच्याही गावच्या घरासमोर अशी एखादी गाडी उभी असेल, तर हा हिशेब तुमच्यासाठी.

रात्रीचे सव्वाअकरा. ऑफिसचा कॉल संपवून मी नुकताच मॅगीचं पाणी गॅसवर ठेवलं होतं. तेवढ्यात आप्पांचा फोन.

"झोपला का?"

आवाज एकदम नॉर्मल. आमचे आप्पा इतक्या नॉर्मल आवाजात बोलले, की समजायचं, काहीतरी गडबड आहे.

"गाडी जरा उभी राहिलीय. भिगवणच्या अलीकडं. तू टेन्शन घेऊ नको."

आईचा गुडघा दाखवायला दोघं सकाळी पुण्यात आले होते. 'राहा आज' म्हटलं, तर आप्पांचं ठरलेलं उत्तर, 'गुरांना कोण बघणार?' मग कुरकुंभ मागे पडल्यावर हेडलाइट हळूहळू मंद होत गेले, मीटरवरचे दिवे गेले आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन शांत झाली. अल्टरनेटर गेला होता. बॅटरीत जीव नाही म्हटल्यावर पार्किंग लाइटसुद्धा लागेनात. सोलापूर हायवे, अमावस्येच्या आसपासची रात्र, शेजारून ऐंशीच्या स्पीडने जाणारे ट्रक आणि अंधारात उभी असलेली आमची दोन टनांची गाडी. आई ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत कडेच्या दगडावर बसली होती आणि आप्पा मोबाइलची बॅटरी हलवून ट्रकवाल्यांना लांबूनच वळायला सांगत होते. वय वर्षं अडुसष्ट!

गावाकडून चुलतभाऊ पिकअप घेऊन पोचला, तेव्हा एक वाजून गेला होता. मी नव्वद किलोमीटरवर, हातात फोन. मॅगी भांड्याला चिकटून काळी झाली होती.

हायवेवर मदतीसाठी १०३३ हा नंबर चोवीस तास चालू असतो. तो मला माहीत होता, आप्पांना नव्हता. मी कधी सांगितलाच नव्हता. त्या रात्री सगळ्यात जास्त टोचलं ते हे.

घरातला सहावा मेंबर

आमचं गाव पळसदेव. तुम्ही हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला भिगवणला जाता ना? तिथून इंदापूरच्या दिशेने थोडं पुढे. पुण्यापासून सुमारे एकशेवीस किलोमीटर. एका बाजूला उजनीचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस आणि मधून हायवे.

या पट्ट्यात मोठ्या गाडीचं काय महत्त्व आहे, ते पुण्यात बसून कळायचं नाही. १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं बारसं झालं. २००० मध्ये क्वालिस आणि बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. आमच्या पिढीचं बालपण यांच्याच मागच्या आडव्या सीटवर गुडघ्याला गुडघा लावून गेलं. लग्नाचं वऱ्हाड, खताची पोती, कारखान्याची मीटिंग, बाळंतपण, दहावा... सगळ्याला एकच गाडी.

आमची गाडी आली २००६ मध्ये. त्या वर्षी उसाचं बिल बरं आलं होतं. गाडीचं नाव आणि कंपनी मी इथे मुद्दाम सांगत नाहीये. सांगितली, की निम्मे वाचक 'आमची तर अजून मख्खन चालते' म्हणत भांडायला येतील! रंग पांढरा, इंजिन डिझेल, सीट सात (बसायचे चौदा) आणि नंबर एमएच-४२, म्हणजे बारामती. बास, एवढी ओळख पुरे.

पहिल्या दिवसापासून आप्पांनी एक डायरी ठेवली. तारीख, किलोमीटर, डिझेल किती, कुठे गेलो. 'निमगाव केतकी, वारकऱ्यांना पिठलंभाकरी.' 'बारामती, पोराची बारावी मार्कशीट.' 'पुणे, पोरगं नोकरीला लागलं, सामान पोचवलं.' आमचं घराणं नेमकं कुठून कुठे गेलं, हे बघायचं असेल तर अल्बम नको, ही डायरी बघावी.

म्हणूनच त्या रात्रीनंतर मी जेव्हा म्हटलं, "आप्पा, आता गाडी बदलू," तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजीला वृद्धाश्रमात टाकायची गोष्ट काढली.

मिस्त्रीचा रिपोर्ट

प्रेम आंधळं असतं, मीटर नसतं! पण गंमत अशी, की नुसत्या मीटरवरूनही निर्णय होत नाही. पाच लाखांच्या घरात गेलेलं जुनं डिझेल इंजिन वेळेवर ऑइल बदललं असेल, तर सुरळीत चालू असतं. आमचंही होतं. आप्पांचा सगळा बचाव याच एका मुद्द्यावर होता. "इंजिन बघ की, सेल्फ मारला की चालू!"

मग मी एक काम केलं. भांडण थांबवलं आणि गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे रॅम्पवर चढवली. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. तुम्हीही हेच विचारा.

पहिला, चेसी कशी आहे? जुन्या धाटणीच्या एसयूव्ही चेसीवर उभ्या असतात, म्हणजे खाली लोखंडी सांगाडा आणि वर बॉडी. इंजिन नवं बसवता येतं, क्लचप्लेट बदलता येते, पाटे बदलता येतात. पण सांगाडा आतून गंजला, की विषय संपला. वेल्डिंग करून ठिगळ लावता येतं, पण धडक बसली तर ते ठिगळ किती टिकेल, याची गॅरंटी कुणी देत नाही.

दुसरा, पार्ट मिळतात का? मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, की हळूहळू ओरिजिनल पार्ट गायब होतात. मग 'चालतंय की' म्हणत दुसऱ्याच गाडीचा पार्ट घासून बसवला जातो. काच वर करायचं बटण असेल तर ठीक आहे, पण ब्रेकचा आणि स्टिअरिंगचा पार्ट जुगाडाचा नको.

तिसरा, पुढच्या वर्षभरात काय काय निघणार? मिस्त्री लोकांना हे बरोबर माहीत असतं, फक्त आपण विचारत नाही.

आमच्या मिस्त्रींनी बॅटरीचा झोत चेसीवर मारला आणि मागच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर टोचला. तो आत गेला. वीस वर्षं उसाच्या रानातला चिखल आणि घर पाण्याच्या काठावर. लोखंड तरी किती सोसणार?

"आप्पा, इंजिन अजून लाखभर काढंल," ते म्हणाले, "पण गाडी न्हाय काढणार."

आप्पा काहीच बोलले नाहीत. घरी येईपर्यंत गाडी चाळीसच्या वर गेली नाही.

कागदांनाही वय असतं

रात्री मी लॅपटॉप उघडून हिशेबाला बसलो. तुमच्या-माझ्यासारख्या ऑफिसवाल्यांना एक्सेल शीट उघडल्याशिवाय निर्णय झाल्यासारखा वाटत नाही ना!

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून, फिटनेस तपासून ते वाढवावं लागतं. फॉर्म २५ भरायचा, मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत. आमची गाडी २०२१ मध्ये एकदा या चाळणीतून गेली होती आणि तेव्हा फी होती फक्त सहाशे रुपये. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीसाठी ती पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी दहा हजार केली. उशीर झाला तर दर महिन्याला पाचशे रुपये वेगळे. त्यावर आपल्या राज्याचा पर्यावरण कर. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावायची, ते मोटारीसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटी.

यातली कुठलीच रक्कम अशी नाही, की माणूस गाडी विकेल. आणि एक गैरसमज आधी काढून टाका. दिल्लीत डिझेल गाडीला जो दहा वर्षांचा नियम लावला, तो महाराष्ट्रात नाही. आपल्याकडे गाडी फिटनेसमध्ये पास झाली तर वीस काय, पंचवीस वर्षंही चालवा. कुणी एजंट 'आता जुन्या गाड्या बंदच होणारेत, पटकन देऊन टाका' म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

माझा साधा फंडा असा, की गेल्या दोन वर्षांत दुरुस्तीवर झालेला खर्च एका बाजूला लिहा आणि आज गाडी विकली तर येणारी रक्कम दुसऱ्या बाजूला. आप्पांच्या डायरीतून बेरीज केली तर दुरुस्ती निघाली एक लाख बारा हजार. गाडीला बाजारात भाव सव्वा ते दीड लाख. म्हणजे दोन वर्षांत आम्ही जवळजवळ तीच गाडी पुन्हा विकत घेतली होती!

पण शीटमध्ये एक कॉलम नव्हता. त्या रात्री एखाद्या ट्रकवाल्याला मोबाइलची बॅटरी दिसली नसती तर? २००६ च्या आमच्या गाडीत ना एअरबॅग, ना एबीएस. नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ मध्ये आणि शेजारच्या सीटची सगळ्या मोटारींना २०२१ च्या अखेरीला. आमची गाडी या सगळ्याच्या आधीची. आणि त्या शेजारच्या सीटवर गेली वीस वर्षं आई बसत होती.

"आपल्यातलाच आहे की!"

गाडी काढणार, ही बातमी गावात कशी पसरते, हे एक कोडंच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाहुणे हजर. आईच्या नात्यातले, आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांना गाडी हवी होती. आसपासच्या वस्त्यांवरची पोरं शाळेत ने-आण करायला.

"दीड लाख रोख देतो. नावावर करायचं बघू सावकाश. आपल्यातलाच आहे की मी!"

आप्पा खूश. गाडी नजरेसमोर राहणार, पैसे पूर्ण मिळणार आणि नातंही सांभाळलं जाणार. याहून चांगलं काय?

मी मात्र घाबरलो. कारण 'नावावर करायचं बघू सावकाश' हे मराठीतलं सगळ्यात महाग वाक्य आहे. कायदा असा, की गाडी विकली की विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची. फॉर्म २९ आणि ३०. ते झालं नाही, तर आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंद आहे त्याची. त्या खटल्यात गाडी पुढे अनेकदा विकली गेली होती, तरी पहिला मालक सुटला नाही.

मी हे सगळं आप्पांना सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच, "मामा फसवणारा माणूस न्हाय."

"आप्पा, मामा नाही फसवणार. पण उद्या गाडी मामांच्या हातात नसली तर?"

मग आवाज चढले. आई मध्ये पडली. मी बॅग उचलून संध्याकाळच्या एसटीने पुण्याला यायला निघालो. आप्पा म्हणाले, "थांब. सोडतो स्टँडवर."

पाण्याखालचं गाव

आप्पांनी गाडी स्टँडकडे वळवलीच नाही. त्यांनी ती पाण्याच्या दिशेने घातली.

आमचं खरं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली आहे. भीमेवरचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि काठावरची गावं वर सरकली. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी देऊळ अजून पाण्यात उभं आहे. एरवी दिसलं तर शिखर दिसतं. धरण 'मायनस'मध्ये गेलं, की देऊळ हळूहळू बाहेर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी उतरलं, तेव्हा पुण्या-मुंबईहून लोक कॅमेरे घेऊन ते बघायला आले होते. आमच्यासाठी ते टूरिस्ट स्पॉट नाही. आप्पांचं बालपण तिथं आहे. आप्पा तेव्हा आम्हाला याच गाडीतून तिथं घेऊन गेले होते आणि चिखलात उभं राहून 'इथं आपला गोठा, इथं वाडा' असं हाताने हवेत दाखवत होते.

काठावर गाडी थांबवून आप्पा बराच वेळ गप्प होते.

"गाव सोडलं तवा मी तुझ्यापेक्षा लहान. आमच्या वडलांनी घराचं काय काय आणलं माहितीय का? चौकट. फकस्त चौकट. आणि भिताडं तिथंच सोडली. शेजारचे म्हणले, दगड घेऊन चला, नव्या घराला होतील. वडील म्हणले, भिजून भिजून फुगलेला दगड आहे, वर्षभरात घर अंगावर येईल."

मग एकदम म्हणाले, "त्या मामाला गाडी द्यायची न्हाय."

मला वाटलं, माझा सुप्रीम कोर्टाचा मुद्दा पटला. कसलं काय!

"मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हर घातला तो मी बघितलाय. जी गाडी तुझ्या आईला घेऊन मी चालवणार न्हाय, तिच्यात दुसऱ्याची लेकरं बसवू व्हय? नावावर करून दिली तरी न्हाय. विकायचीच न्हाय ती. मोडायची."

मी नुसता बघत राहिलो. दोन दिवस मी शीटमध्ये आकडे भरत होतो. कायदा, टॅक्स, दुरुस्ती, सगळे कॉलम बरोबर होते. पण गाडी विकून आपण सुटलो तरी आत बसणारा सुटत नाही, ही ओळ माझ्याकडे नव्हती. ती आप्पांकडे होती.

एसटी चुकली. त्या रात्री मी गावीच राहिलो. आईने मासवडी केली.

मोडायची म्हणजे कशी?

भंगारवाल्याला गाडी देऊन पैसे खिशात घातले, की काम संपलं, असं समजू नका. कागदावर गाडी जिवंतच राहते आणि तिच्या चेसी नंबरवर कुणी दुसरीच गाडी फिरवली, तर पोलीस तुमच्या दारात.

सप्टेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे आता सरकारकडे नोंदणी झालेली स्क्रॅपिंग केंद्रं आहेत. तिथे आरसी आणि ओळखपत्र द्यायचं. बँकेचा बोजा चढलेला असेल तर आधी उतरवायचा, ई-चलन बाकी असतील तर ती भरायची. गाडी जमा केली, की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं आणि वाहन पोर्टलवरून गाडीचं नाव रीतसर कमी होतं. हे सर्टिफिकेट जपून ठेवा. नव्या गाडीची रजिस्ट्रेशन फी त्यावर माफ होते आणि रोड टॅक्समध्येही सूट मिळू शकते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीसाठी ती पंचवीस टक्क्यांपर्यंत आहे. आपलं राज्य त्यातली नक्की किती देतं, ते बुकिंगच्या दिवशी आरटीओत विचारून घ्या. डीलरच्या तोंडी भरवशावर राहू नका.

पैसे मामांनी दिले असते त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी मिळाले. आप्पांनी आकडा ऐकला आणि "बरं" म्हणाले. मामा दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. दिवाळीला मात्र आले आणि रीतसर फराळ करून गेले.

नवी कोणती?

आता सगळ्यात आवडता पार्ट, शोरूम! इथे मी आप्पांसाठी सनरूफ बघत होतो आणि आप्पा दरवाजा उघडून उंची बघत होते, "तुझी आई चढंल का यात?" कुटुंबाची गाडी निवडायचा याहून चांगला निकष मला तरी कुठल्या रिव्ह्यूमध्ये सापडला नाही.

किमतीचं गणित २२ सप्टेंबर २०२५ पासून बदललं आहे. चार मीटरच्या आतली आणि डिझेल असेल तर पंधराशे सीसीपर्यंतची, पेट्रोल असेल तर बाराशे सीसीपर्यंतची गाडी अठरा टक्के जीएसटीत बसते. त्याहून मोठी एसयूव्ही सरळ चाळीस टक्क्यांत. पूर्वी सेस धरून हा बोजा पन्नासपर्यंत जायचा. म्हणजे दोन्हीकडे कमी झालं, पण दोघांमधली दरी मोठी आहे. सात सीट खरंच लागतात का, हा प्रश्न स्वतःला एकदा विचारा. आमच्याकडे चौदा माणसं शेवटची कधी बसली, ते डायरीत शोधलं. सहा वर्षांपूर्वी!

डिझेलचा एक नवा नियम जुन्या डिझेलवाल्यांना माहीत नसतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जळायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. रोज घर ते ऑफिस आठ किलोमीटर ट्रॅफिकमध्ये जाणार असाल, तर डिझेल घेऊ नका, फिल्टर चोंदेल. पळसदेव-पुणे करणाऱ्या आप्पांना ते चालतं. शिवाय महाराष्ट्रात डिझेल गाडीला रोड टॅक्स तेरा ते पंधरा टक्के, पेट्रोलपेक्षा जास्त. आणि पेट्रोल जुनं असेल तर इथेनॉलचा मुद्दा आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनी गाडी त्यासाठी बनलेली नसते. सेकंडहँड घेणार असाल तर हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा. गंमत बघा, आमच्या उसाच्या मळीचं आणि रसाचं इथेनॉल तुमच्याच टाकीत येऊन पडतंय!

सुरक्षेसाठी मात्र सेल्समनच्या बोलण्यापेक्षा स्टार बघा. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली आहे. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे स्टार असतात, दोन्ही बघा.

आणि गाडी कुणाच्या नावावर? आम्ही आप्पांच्याच नावावर घेतली, हप्ता माझा. एक तर सर्टिफिकेट त्यांच्या नावाचं. दुसरं, मान त्यांचा!

हे विसरू नका!

• नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर पन्नास टक्के. जुन्या गाडीवरचा बोनस नव्या गाडीच्या पॉलिसीला लावता येतो, पण मालक तोच हवा. जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर बोनस जमलेलाच नसतो.

• गाडी गेली, की फास्टॅग बंद करा. नाहीतर टोल दुसऱ्याचा, पैसे तुमचे.

• दहा लाखांच्या वरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस कापतात. तो इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मिळतो, पण ज्याच्या नावावर गाडी त्याने रिटर्न भरला तरच. शेतकरी आई-बाबांच्या नावावर घेतली असेल, तर त्या वर्षी त्यांचा रिटर्न भरा.

• घरच्या ज्येष्ठांचं लायसन्स तपासा. पंचावन्नच्या पुढे ते दर पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. संपलेल्या लायसन्सवर विमा कंपनी क्लेम देताना हात आखडता घेते.

• गाडी विकलीत तर डिलिव्हरीच्या दिवशीच फॉर्मवर सह्या, ओळखपत्राच्या प्रती आणि तारीख-वेळ लिहिलेली पावती. सख्खा भाऊ असला तरी!

• १०३३ हा नंबर आई-बाबांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. आज. आत्ता.

शेवटचं पान

जुनी गाडी न्यायला ट्रक आला, त्या सकाळी आप्पांनी तिला धुतलं. मोडायला चाललेली गाडी कुणी धुतं का? पण आमच्यात दसऱ्याला झेंडूची माळ घातल्याशिवाय ती कधी बाहेर पडली नव्हती, मग अशी मळकी कशी जाईल! आईने हळदकुंकू लावलं. डॅशबोर्डवरची विठोबाची छोटी पितळी मूर्ती आप्पांनी काढून खिशात ठेवली. गेटच्या बाहेर पडेपर्यंत ते बघत होते, नंतर गोठ्यात गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. मीही विचारलं नाही.

आता एक तह झाला आहे. अंधार पडल्यावर आप्पा हायवेवर गाडी चालवत नाहीत. पुण्यात उशीर झाला, तर मुक्काम माझ्याकडे. गुरांना चुलतभाऊ बघतो. आप्पांना शहरातली झोप लागत नाही, पण आई माझ्या रूमवर खूश असते. मॅगी मात्र करू देत नाही.

डायरी तीच आहे. शेवटच्या नोंदीखाली आप्पांनी लिहिलंय, '४,८६,३१२. इथं थांबली.' त्याच्या खाली एक रेघ आणि लगेच पुढची नोंद, '२१ किमी. देवळाच्या काठापर्यंत. पाणी भरपूर आहे, देऊळ दिसलं नाही.'

या वीकेण्डला गावी जाणार असाल, तर एक काम करा. आईच्या हातचं जेवून पडायच्या आधी घरासमोरच्या त्या जुन्या गाडीखाली बॅटरी घेऊन एकदा वाका. फोटो काढा, मिस्त्रीला दाखवा. गाडी चांगली असेल तर बाबांना तसं सांगा, खूश होतील. आणि नसेल, तर ते तुमच्याआधीच त्यांना माहीत असतं. फक्त कुणीतरी सोबत वाकून बघावं लागतं.